महाराज, आधी मंडळाला विचारा

कॉम्प्युटरवरच्या कुठल्याही खेळात जादा पैसे मोजले की काहीतरी चांगलं पदरात पडतं, असा सर्वसाधारण रिवाज आहे. धारदार तलवार मिळते, सोनेरी चिलखत मिळतं, गेला बाजार घोड्याला पंख तरी फुटतात. 'क्रुसेडर किंग्ज' हा मला माहीत असलेला एकमेव खेळ, ज्यात पैसे भरले की नातेवाईक मिळतात. कधी बिनकामाचे चुलतभाऊ, कधी रुसलेले सरदार, कधी प्लेग. एकदा तर समुद्रापलीकडून अ‍ॅझ्टेकांची आख्खी फौज मिळाली होती. तिच्याकडे येतोच.

ज्यांचा या खेळाशी संबंध आलेला नाही त्यांच्यासाठी थोडी पूर्वपीठिका. 'क्रुसेडर किंग्ज २' हा खेळ स्टॉकहोमच्या पॅरॅडॉक्स कंपनीने १४ फेब्रुवारी २०१२ रोजी बाजारात आणला. प्रेमाचा दिवस साधून आणलेल्या या खेळात नकोशा झालेल्या बायकोला विष देता येतं, गच्चीवरून ढकलता येतं आणि अगदीच सुचत नसेल तर ती झोपली असेल त्या घराखाली शेणखताचा स्फोटही घडवता येतो. काळ १०६६ पासून १४५३ पर्यंतचा. तुम्ही इथे देश खेळत नाही, घराणं खेळता. राजा मेला की तुम्ही त्याचा मुलगा होता. मुलगा अर्धवट निघाला तरी तुम्ही तोच. घराण्यात कोणी उरलं नाही की खेळ खलास. त्यात युरोपातली वाटणीची पद्धत अशी की बापाने आयुष्यभर लढून जोडलेली तीन राज्यं तीन मुलांत वाटली जातात आणि पुढची वीस वर्षं भाऊ भावाशी लढून ती परत एकत्र करतो. हे करताना त्यालाही तीन मुलगे होतात. भाऊबंदकी कोळून प्यायलेल्या आपल्या माणसाला हा खेळ शिकवावा लागत नाही. नुसता नकाशा समजावून सांगितला की भागतं.

हा झाला मूळ खेळ. त्यावर दर काही महिन्यांनी विस्तार येतो. खेळाडू त्याला डीएलसी म्हणतात आणि तो आला की वेगळीच भानगड सुरू होते.

पहिला मोठा विस्तार २०१२ च्या जूनमधला, 'सोर्ड ऑफ इस्लाम'. तोवर कैरो-बगदादकडचे सुलतान आणि अमीर नकाशावर दिसायचे, पण त्यांच्या गादीवर आपल्याला बसता येत नसे. पैसे भरले की कुलूप उघडलं. चार लग्नांची मुभा पाहून अनेकांनी हर्षभराने सुलतानपद घेतलं आणि एक पिढी उलटल्यावर त्यांच्या ध्यानात आलं की चार बायका म्हणजे डझनभर मुलगे, आणि डझनभर मुलग्यांत गादी एकच. उरलेले अकरा काय करतात? काहीच करत नाहीत. नेमकं तेच नडतं. या विस्ताराने खेळात चंगळखोरीचा एक आकडा आणला. घराण्यातले जे पुरुष जहागिरीविना, कामधंद्याविना महालात नुसते लोळत असतात त्यांच्यामुळे हा आकडा चढतो. तो चढला की सैन्याचा धीर खचतो आणि फारच चढला की कडक शिस्तीचा कोणीतरी माणूस बंडाची फौज घेऊन येतो आणि घराण्याचा निकाल लावतो. सत्ता मिळाली की घराणं सुखावतं, सुखावलं की सैलावतं आणि तीन-चार पिढ्यांत बुडतं, हे इब्न खल्दूनने चौदाव्या शतकात लिहून ठेवलं होतं. पॅरॅडॉक्सने त्याला टक्केवारी लावली.

यावरचे उपायही वाचण्यासारखे आहेत. रिकामटेकड्या पुतण्याला जहागीर द्यावी, तर तो तिच्या जोरावर बंड करतो. तुरुंगात टाकावा, तर बाकीचे पुतणे बिथरतात. तिसरा उपाय म्हणजे त्याला बोलावून 'आता तरी सुधार' म्हणून चार शब्द सुनवायचे. कधी तो सुधारतो, बहुधा नाही. सुलतानाचा अर्धा दिवस जेरुसलेमच्या मोहिमेत जाईल या अपेक्षेने आपण बसलेले असतो आणि तो जातो भाच्या-पुतण्यांना कामाला लावण्यात.

त्याच वर्षी नोव्हेंबरात 'सनसेट इन्व्हेजन' आला. पूर्वेकडून मंगोल येतात, मग पश्चिमेकडच्या राजांनी काय निवांत बसायचं, असा रोखठोक विचार करून कंपनीने तेराव्या शतकात अ‍ॅझ्टेकांना अटलांटिक ओलांडून युरोपवर सोडलं. इतिहासात असं काही घडलेलं नाही, घडणं शक्य नव्हतं, यावरून इतिहासप्रेमी खेळाडूंनी आकाशपाताळ एक केलं. मजा अशी की हे आक्षेप घेणारे लोक त्याच खेळात तेराव्या शतकात आयर्लंडच्या राजाला बायझंटाइन सम्राट करून बसलेले असत. माझं मत विचाराल तर सगळ्या विस्तारांत हा सर्वांत प्रामाणिक. बाकीचे विस्तार 'खोली वाढेल', 'रंगत वाढेल' असं काहीबाही सांगून तुमच्या राज्यावर संकट आणतात. याने सरळ सांगितलं, पैसे द्या, फौज पाठवतो.

'लेगसी ऑफ रोम'ने खडी फौज दिली, 'द रिपब्लिक'ने व्हेनिस-जेनोव्याचे व्यापारी दिले, 'दि ओल्ड गॉड्स'ने घड्याळ ८६७ पर्यंत मागे नेऊन व्हायकिंग दिले. त्यांच्याबद्दल माझी काही तक्रार नाही आणि तक्रार नसलेल्या गोष्टीवर विनोदी लेख पुढे सरकत नाही.

मार्च २०१४ मध्ये आला 'राजाज ऑफ इंडिया' आणि इथे आपला संबंध आला. तोवर नकाशाची पूर्वेकडची कड भारताच्या अलीकडेच संपायची. आता थेट बंगालपर्यंत जमीन उघडली. माझ्या ओळखीतल्या झाडून सगळ्या मराठी खेळाडूंनी पहिल्या दिवशी एकच प्रश्न विचारला, शिवाजी महाराज घेता येतात का? नाही येत. खेळ १४५३ ला संपतो आणि महाराजांचा जन्म १६३० चा. त्यासाठी याच कंपनीचा 'युरोपा युनिव्हर्सालिस ४' आहे, त्यात मराठे आहेत. इथे ८६७ ची सुरुवात घेतली तर मान्यखेटचा अमोघवर्ष मिळतो, म्हणजे राष्ट्रकूट, ज्यांच्यातल्या कृष्णराजाच्या काळात वेरूळचं कैलास लेणं खोदलं गेलं. १०६६ घेतलं तर कल्याणीचे चालुक्य. देवगिरीचे म्हणून पुढे गाजलेले यादव त्या काळी त्यांचे मांडलिक होते. एवढं समजल्यावर दोन दिवस सगळ्यांनी दख्खनेत राज्य केलं, वाघाच्या शिकारी केल्या, हत्ती फौजेत घातले, इष्टदेवता निवडली.

पण गंमत पुढे आहे. भारताचा नकाशा सगळ्यांना फुकट मिळाला होता. पैसे लागत होते ते भारतीय राजा म्हणून खेळायला. म्हणजे स्वीडनमधला जो गृहस्थ फक्त स्वीडन खेळत होता आणि ज्याला दख्खनशी काडीचं देणंघेणं नव्हतं त्याच्या कॉम्प्युटरवरही हजारो राजे, राण्या, सेनापती, पुरोहित राहायला आले. हा खेळ नकाशावरच्या प्रत्येक माणसाचा हिशेब ठेवतो. कोणाचं लग्न ठरतंय, कोण कोणाच्या जिवावर उठलंय, कोणाला ताप आलाय. परिणामी जुन्या लॅपटॉपवर खेळाचा एक महिना सरता सरेना. कोकणातल्या एखाद्या मांडलिकाची धाकटी कन्या उजवायची राहिली म्हणून उप्सालात माणूस पंख्याचा घूंऽ आवाज ऐकत बसला, हे दळणवळण बाराव्या शतकात कोणाला साधलं नसतं.

आता येतो तो विस्तार, ज्याच्यामुळे मला हा लेख लिहावासा वाटला. २ फेब्रुवारी २०१६, 'कॉन्क्लेव्ह'.

त्याआधी राजाचं मंडळ म्हणजे पाच हुशार नोकर. चॅन्सेलर परराष्ट्राचं बघायचा, मार्शल फौजेचं, कारभारी तिजोरीचं, हेरप्रमुख भिंतींना कान लावून असायचा आणि बिशप धर्माचं बघायचा. पदासाठी प्रत्येकाच्या अंगच्या गुणाचा आकडा बघायचा, सगळ्यांत मोठा आकडा उचलायचा, नेमणूक करायची. युद्ध करायचं तर राजा बटण दाबायचा आणि युद्ध व्हायचं. तुरुंगात टाकायचं तर टाकायचं. 'कॉन्क्लेव्ह'ने या पाचजणांना मत दिलं. युद्धाला मंडळाची मंजुरी, सरदाराची जहागीर काढायला मंजुरी, अटकेला मंजुरी, फाशीला मंजुरी. वर आणखी असं, की मंडळात कोण असावं हे आता गुणांवर ठरेना. राज्यातले जे तालेवार सरदार आहेत त्यांना मंडळात जागा हवीच. लग्नात थोरल्या आत्याला पहिल्या रांगेत बसवावं लागतं, तिला ऐकू येतं की नाही हा मुद्दा नसतो, तसंच. ज्याला स्वतःच्या वाड्यातल्या मेणबत्त्यांचा हिशेब लागत नाही तो अल्स्टरचा ड्यूक राज्याचा कारभारी होतो, कारण त्याच्याकडे फौज मोठी. जागा दिली तर तो तिजोरीची वाट लावतो. नाही दिली तर तो बाहेर बसून तिघाचौघांना जमवतो आणि राजाला पदच्युत करायचा गट काढतो. मंडळात असला म्हणजे निदान गटात जात नाही, एवढीच त्याची पात्रता.

एक प्रसंग जवळून दाखवतो. नवशिक्याने १०६६ मध्ये मन्स्टरचा मर्चाद राजा घेऊन सुरुवात करावी असा या खेळातला शिरस्ता आहे. आयर्लंडला खेळाडू शिकवणीचं बेटच म्हणतात. मर्चादच्या वंशात काही पिढ्या काढून मी सगळ्या आयर्लंडचा राजा झालेलो आणि समोर वेल्समधलं ग्विनेड दिसत होतं. राजा म्हातारा, फौज किरकोळ, आणि माझ्या चॅन्सेलरने तिथल्या गादीवर आपला हक्क सांगणारा एक खोटा कागद नुकताच तयार करून आणला होता. जुन्या खेळात पुढचं काम दहा मिनिटांचं. आता प्रस्ताव मंडळापुढे गेला.

मार्शल कीर्तीचा भुकेला, त्याला कुठलंही युद्ध चालतं. त्याचा होकार. चॅन्सेलर व्यवहारी, तो आपली डोकी मोजतो, त्यांची डोकी मोजतो. त्याचाही होकार. बिशपसाहेब धर्मनिष्ठ. त्यांचं म्हणणं, वेल्सचे लोक आपल्यासारखेच कॅथलिक, लढायचंच तर काफरांशी लढा. नकार. कारभारी म्हणजे तेच अल्स्टरचे ड्यूक. हे असंतुष्टांच्या वर्गातले, राजाने मागितलंय एवढं कारण त्यांना नकाराला पुरतं. आता दोन विरुद्ध दोन झालं आणि सगळं हेरप्रमुखावर आलं. हेरप्रमुख कोण? माझी पत्नी. त्या काळच्या कायद्याप्रमाणे मंडळात स्त्रीला मिळायची ती हेरखात्याचीच जागा आणि ती मी घरच्याच माणसाला दिली होती. राणीसाहेबांनी विरोधात मत दिलं. का, ते खेळ सविस्तर सांगत नाही. नावावर माउस नेला की एक छोटी यादी उघडते. तुमच्याबद्दलचं मत उणे चोवीस, त्यातले बहुतेक दासीप्रकरणाचे.

अशा वेळी मार्ग आहे, उपकाराचा. 'कॉन्क्लेव्ह'ने उपकार नावाचं नाणं चलनात आणलं. ड्यूकला घसघशीत सोनं पाठवलं की तो तुमच्या उपकाराखाली येतो आणि मग एका मतासाठी तो उपकार वसूल करता येतो. मी सोनं पाठवलं, उपकार मिळवला, मत वळवलं, युद्ध मंजूर. पण ही देवाणघेवाण उलटीही चालते. माझ्या आजोबांच्या वेळचा कसलातरी उपकार आमच्या घरावर शिल्लक होता असं नाही, पण मधल्या एका बंडात मी ड्यूककडून मदत घेतली होती. त्याने शांतपणे ती वसूल केली. त्याच्या मुलीशी माझ्या युवराजाची सोयरीक. मुलीच्या नावापुढे खेळ जी छोटी चित्रं दाखवतो त्यांत एक आळशीपणाचं, एक संशयीपणाचं आणि तिसरं बापाचं नाक.

हे सगळं होईपर्यंत ग्विनेडने काय केलं असेल? 'कॉन्क्लेव्ह'बरोबर जे फुकटचं पॅच, म्हणजे खेळातली दुरुस्ती, सर्वांना आलं त्यात संरक्षणाचे करार होते. एखादा राजा भराभर मुलूख घेत सुटला की आजूबाजूचे घाबरतात आणि आपोआप युती करतात. एकावर हल्ला तो सगळ्यांवर. मी आयर्लंड एकत्र केलेलं असल्याने माझ्याबद्दल भीतीचा आकडा बरा होता. त्यामुळे वेल्सच्या एका खोऱ्यासाठी मी तलवार उपसली तेव्हा समोर उभे राहिले ते इंग्लंड, अ‍ॅक्विटेन आणि अंदालुसियाचा एक अमीर. ज्या अमिराला वेल्स नकाशावर दाखवता आलं नसतं तो गलबतं भरून आयरिश समुद्रात आला. ज्यांनी 'कॉन्क्लेव्ह' विकत घेतला नव्हता त्यांनाही हे करार लागू होतेच. विकतच्या त्रासावर फुकटचा त्रास भेट, अशी ती योजना होती. खेळाडूंनी कडाकडा बोटं मोडली, पुढे हे करार बंद करायची सोय आली.

त्याच पॅचने पळपुट्या सैन्याचेही नियम बदलले. आधी हरलेलं सैन्य शेजारच्या परगण्यात जायचं, तुम्ही मागोमाग जाऊन पुन्हा हाणायचं, ते परत मूळ परगण्यात, तुम्ही परत मागे. संपेपर्यंत हीच येरझार. आता हरलेलं सैन्य एकदम लांब, आपल्या मुलखात खोलवर पळतं आणि पळत असताना त्याला हात लावता येत नाही. युद्धशास्त्राच्या दृष्टीने हा बदल उत्तम होता. माझ्या स्वभावाच्या दृष्टीने नाही. पडलेल्याला लाथ मारण्यात जे किरकोळ समाधान असतं ते गेलं.

आणि मुलांचं शिक्षण! पूर्वी मुलाला एखाद्या विद्वानाच्या हाती सोपवलं की सोळाव्या वर्षी मुलगा विद्वान व्हायचा. आता सहाव्या वर्षापासून त्याचं वळण ठरवायचं. अभिमान शिकवायचा, नम्रता, काटकसर, कर्तव्य की झगडा? यात मुलाचे स्वतःचे बालगुण मिसळतात. हे पोर दांडगट, ते लाजाळू, हे घुम्या, ते ऐदी. ऐदी हा गुण दिसला की युरोपातले राजे कपाळाला हात लावतात. आळशी पोराला कर्तव्य शिकवायला जावं तर ते संतापी होऊन बाहेर पडतं.

एवढं ऐकल्यावर कोणीही विचारेल की मग हा विस्तार घ्यायचाच कशाला. मलाही बरेच दिवस तो आगाऊपणाच वाटत होता. पण जुन्या खेळात शेदीडशे वर्षं काढलेला माणूस खरं सांगेल. एकदा साम्राज्य जमलं की करायला काही उरत नसे. फौज सगळ्यांपेक्षा मोठी, तिजोरी भरलेली, नकाशावर एकाच रंगाचा भला थोरला डाग आणि तो पसरवत नेणं एवढंच काम. सम्राट कंटाळून मरायचा. 'कॉन्क्लेव्ह'नंतर मी जिंकलेला मुलूख कमी झाला, हे खरं. पण ग्विनेडचं ते युद्ध मला अजून आठवतं. त्याआधी जिंकलेले सगळे परगणे एकमेकांत मिसळून गेलेत. राणीचं ते मत नसतं तर ग्विनेडही त्यांतच गेलं असतं.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये 'द रीपर्स ड्यू' आला, म्हणजे रोगराई. काळा मृत्यू व्यापारी वाटांनी सरकत येतो आणि नकाशावर त्याची हद्द रोज पुढे आलेली दिसते. राजाला एक सोय दिलेली आहे, गढीचे दरवाजे बंद करून आत बसायचं. बसला की बाहेरचा रोग आत येत नाही, पण आतल्या कोठारातलं धान्य संपू लागतं आणि दरबारी लोक एकमेकांकडे वेगळ्या नजरेने बघायला लागतात. दिमतीला दरबारी वैद्य असतो. हा वैद्य या विस्तारातलं सर्वोत्तम पात्र. राजाला ताप आला की तो विचारतो, साधा उपचार करू की धाडसी? धाडसी म्हणालात की तो काहीही करू शकतो. आजार छातीत असला तरी तो एखादा डोळा नाहीतर पाय कमी करून जातो, त्याहून नाजूक भाग गमावलेले राजेही मी पाहिलेत. आणि राजा बरा होतो! कपाळाला हात लावायचा तर तो हात तरी शिल्लक असला पाहिजे.

याच काळात डोंबिवली लोकलमध्ये मी आणि एक मित्र उभ्याउभ्या बोलत होतो. तो म्हणाला, "वहिनी कशी आहे?"

"गेली. प्लेगने."

"अरेरे. आणि मुलगा?"

"तोही. पण मेव्हण्याला वारस नाही, त्यामुळे बर्गंडी आता आपल्याकडेच."

"मेव्हणा बरा आहे ना अजून?"

"वैद्य पाठवलाय."

समोर बसलेल्या काकांनी मांडीवरची बॅग दोन्ही हातांनी घट्ट धरली आणि ठाण्याला उतरले. त्यांना ठाण्याला उतरायचं नसावं, कारण ते खिडकीतून आमच्याकडे पाहत तिथेच फलाटावर उभे राहिले.

ऑक्टोबर २०१९ मध्ये कंपनीने मूळ 'क्रुसेडर किंग्ज २' सगळ्यांना फुकट करून टाकला. विस्तार मात्र विकतच. बिनघोर राज्य फुकट, कटकटी हव्या असतील तर पैसे, इतकं स्वच्छ दरपत्रक मी दुसऱ्या धंद्यात पाहिलं नाही. पाठोपाठ १ सप्टेंबर २०२० ला तिसरा भाग आला आणि चक्र पुन्हा सुरू झालं. 'रॉयल कोर्ट' घेतल्यावर राजाला खरंखुरं दिसणारं सिंहासन मिळालं. त्यावर बसलं की समोर फिर्यादी येतात. जमिनीच्या बांधाचं भांडण, कोणाचा अपमान, कोणाला कोणाशी लग्न करायचंय. भिंतीवरचे गालिचे आणि कमरेची तलवार झिजू लागली, त्यांच्या डागडुजीला सोनं आलं. दरबाराच्या जेवणाचा, कपड्यांचा, नोकरांचा दर्जा राखायला दरमहा खर्च आला. मग मे २०२३ मध्ये 'टूर्स अँड टूर्नामेंट्स' आलं आणि राजाला स्वतः प्रवास करावा लागू लागला. आधी मेजवानी म्हटलं की बटण दाबून मेजवानी. आता पाहुण्यांनी आणि यजमानांनी खरोखर वाटा तुडवत यायचं. डोंगर धोक्याचा, जंगल धोक्याचं, नदी तर विचारूच नका. माझा एक बव्हेरियाचा ड्यूक मोठ्या थाटात लग्नाला निघाला आणि आल्प्समध्येच राहिला. त्याच्याशी वैर असलेल्या तिघांनी तोवर त्याला मारायचा कट रचून, सोनं खर्चून, माणसं फोडून ठेवली होती. त्यांचे पैसे वाया गेले.

सप्टेंबर २०२४ च्या 'रोड्स टू पॉवर'ने तर कमाल केली. बारा वर्षं जमीन जमीन करत आलेल्या या खेळात आता जमीन नसलेला माणूस खेळता येऊ लागला. तळ ठोकायचा, शिधा बांधायचा, मिळतील ती कामं घेत मुलूखभर हिंडायचं. मला वाटलं, चला, सुटलो. ना मंडळ, ना ड्यूक. पण तळावर माणसं जमली की त्यांचे अधिकारी नेमावे लागतात, अधिकारी नेमले की त्यांचे आपसात खटके उडतात आणि शिधा संपत आला की सगळे मिळून तुमच्या तंबूकडे बघायला लागतात.

ऑक्टोबर २०२५ च्या विस्ताराचं नाव 'ऑल अंडर हेवन'. नकाशा चीन, कोरिया, जपानपर्यंत गेला. मी अर्थातच घेतला. चीनमध्ये सरदार म्हणून मिशीला पीळ देऊन भागत नाही, तिथे नोकरशाही आहे. बढती हवी असेल तर परीक्षा. शाही परीक्षा. माझं पात्र म्हणजे प्रांतातला एक होतकरू गृहस्थ, पुस्तकं घेऊन बसलेला आणि मी ऑफिसातून आल्यावर, जेवणं आटोपल्यावर, त्याची तयारी नीट होतेय ना ते बघत बसलेला.

भाचा त्या दिवशी मुक्कामाला होता. पुण्याला एमपीएससीची तयारी करतो, अभ्यासिकेतली जागा धरून ठेवायला पहाटे उठतो, सुट्टीला म्हणून दोन दिवस आमच्याकडे आला होता. खुर्चीमागे उभा राहून त्याने पडद्यावरचं सगळं वाचलं.

"मामा, तू हे पैसे देऊन घेतलंस?"

"हो."

"परीक्षा द्यायला?"

"हो."

तो थोडा वेळ गप्प राहिला. मग खुर्ची ओढून शेजारी बसला आणि म्हणाला, "जागा किती निघाल्यात?"